भरती किती वाजता आहे?

नमस्कार श्रोतेहो,

आमच्या ऑफिसची पावसाळी पिकनिक म्हणजे दरवर्षी लोणावळा नाहीतर कर्जत, ठरलेलंच. यंदा टीममधल्या एका मुलीने ग्रुपवर टाकलं, की पावसाळ्यात मुंबईत तुंबणाऱ्या ज्या पाण्यामुळे आपण लेट होतो ते पाणी जातं कुठे तेच बघूया की एकदा, आणि पंधराच्या पंधरा जण तयार झाले. पॅन्ट्रीतल्या मावशींनाही घेतलं, आणि त्या आल्या ते फार बरं झालं.

दादरला भेटलो, वडापाव चहा झाला आणि चालत हिंदमाता. मुंबईकराला हिंदमाता, म्हणजे पावसात हमखास तुंबणारा तो चौक, वेगळं सांगायला नको, पण इतकी वर्षं बसमधून जाऊनही माझ्या लक्षात आलं नव्हतं की तो सगळा भाग बशीसारखा आहे, चहूबाजूचं पाणी तिथेच उतरतं. आता परळचा आणि हिंदमाताचा पूल मधला रस्ता उंच करून जोडलाय, गाड्या वरून निघून जातात. खालचे दुकानदार मात्र खालीच. एक कपडेवाले काका म्हणाले, पावसाळ्यात खालच्या फळीवर माल ठेवायचाच नाही, हे आम्ही कधीपासून पाळतोय.

मग प्रमोद महाजन उद्यान. वर लोक फिरतायत आणि खाली जमिनीत भलीमोठी टाकी! हिंदमाताचं पाणी पंपाने इथे आणि परळच्या झेवियर्स मैदानाखालच्या टाकीत आणायचं, साठवायचं, आणि ओहोटी लागली की सोडायचं. आमच्यातला एकजण म्हणाला, साठवायचं कशाला, समुद्र इथेच तर आहे, सोडा की सरळ.

तिथेच तर सगळी गोम आहे. आपले बरेचसे नाले जिथे समुद्राला मिळतात ती पातमुखं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत, त्यामुळे साडेचार मीटरच्या वर भरती असली की समुद्रच उलटा आत यायला बघतो, म्हणून नाल्यांच्या तोंडाशी दारं लावायची, आणि नेमका तेव्हाच पाऊस कोसळला तर शहराचं पाणी शहरातच. जुने नाले तासाला २५ मिलिमीटर पाऊस झेलतील एवढेच, तेसुद्धा ओहोटी असताना. ते ५० मिलिमीटरपर्यंत वाढवायचं ब्रिमस्टोवॅडच्या, म्हणजे मुंबईचं पावसाचं पाणी वाहून नेण्याच्या योजनेच्या, अहवालात १९९३ सालीच लिहिलं होतं, पण खरी धावपळ झाली ती २००५ नंतर. वरळीच्या लव्हग्रोव्हला पंपिंग स्टेशन बाहेरून पाहिलं, दारं बंद असताना पाणी उचलून समुद्रात टाकायचं म्हणजे काय ते तेव्हा डोक्यात शिरलं.

२००५ म्हटल्यावर मावशी बोलायला लागल्या. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला ७३ च्या आसपास, एकाच शहरात, एकाच दिवशी! मावशी त्या संध्याकाळी अंधेरीहून कुर्ल्याला चालत निघाल्या आणि घरी पोचल्या दुसऱ्या दिवशी दुपारी. तेव्हापासून दर पावसाळ्याला त्या पेपरमधलं मोठ्या भरतीच्या दिवसांचं कात्रण पॅन्ट्रीच्या दाराला आतून चिकटवतात. आम्ही रोज तिथून चहा नेतो, आणि ते कात्रण एकानेही कधी वाचलं नव्हतं.

आता त्या तारखा आमच्या टीमच्या कॅलेंडरवर आहेत. मोठी भरती आणि रेड अलर्ट एकत्र आले की आम्ही घरून काम करतो. पण मावशींना त्या दिवशीही पाण्यातून यावंच लागतं, कारण त्यांचा पगार कॉन्ट्रॅक्टर देतो आणि आला नाहीत की दिवस कापतो, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. आम्ही लेखी दिलंय की अशा दिवशी त्यांनाही भरपगारी सुट्टी हवी. कागद अजून फिरतोय. तोवर आमचं पंधरा जणांचं ठरलंय, दिवस कापला तर आम्ही वर्गणी काढून भरणार.

या सोमवारी दुपारी मोठी भरती आहे. मावशींना सांगून ठेवलंय, अलर्ट आला तर निघू नका.