फॉलिक ॲसिडची गोळी दिवस राहण्याआधीच का सुरू करायची?

नमस्कार! आपल्याकडे फॉलिक ॲसिडची गोळी बहुतेक वेळा कधी सुरू होते? पाळी चुकते, 'बघू अजून आठ दिवस' म्हणत वाट पाहिली जाते, घरी टेस्ट होते, मग डॉक्टरांची वेळ मिळते आणि चिठ्ठीवर ही गोळी येते. तोवर तिचं सगळ्यात मोठं काम करायची वेळ जवळजवळ निघून गेलेली असते.

कॅलेंडर समोर घ्या. पाळीचं चक्र २८ दिवसांचं धरलं, तर गर्भधारणा होते साधारण चौदाव्या दिवशी. म्हणजे पाळी चुकते त्या दिवशीच गर्भ दोन आठवड्यांचा असतो. त्याच्या पाठीवर पन्हाळीसारखी एक घडी पडते, तिच्या कडा जुळतात आणि नळी तयार होते. हीच न्यूरल ट्यूब. यातूनच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. गर्भधारणेपासून २८ दिवसांच्या आसपास ती पूर्ण मिटते. पाळी चुकल्यावर हातात राहतात जेमतेम दोन आठवडे!

नळी वरच्या टोकाला उघडी राहिली तर मेंदू आणि कवटी नीट घडत नाहीत, ते बाळ जगत नाही. खाली उघडी राहिली तर स्पायना बायफिडा. पायांत ताकद नाही, लघवीवर ताबा नाही, अनेकदा डोक्यात पाणी साचतं.

पेशींना भराभर विभागायचं तर नवा डीएनए लागतो आणि तो बनवायला फोलेट हे जीवनसत्त्व लागतं. फॉलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा मोठा अभ्यास आला. आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिलं, तेव्हा पुन्हा तसंच होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. शंभर टक्के नाही, हे लक्षात घ्या. गोळ्या घेऊनही कुणाच्या बाळाला हा त्रास झाला, तर त्या आईला कृपा करून बोल लावू नका.

या जीवनसत्त्वाची गोष्ट आपल्या मुंबईतून जाते, हे फार कमी जणांना माहीत आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त इतकं का कमी होतं, हे ती शोधत होती. यीस्टपासून बनणाऱ्या स्वस्त मार्माइटने त्या बऱ्या होतात, हे तिने दाखवलं. त्यातला गुणकारी घटक फोलेट होता, हे पुढे कळलं. माझ्या मते तिचं नाव आपल्या शाळांच्या पुस्तकांत असायला हवं.

आता डोस. मूल हवं असं ठरलं की, निदान महिनाभर आधीपासून आणि दिवस राहिल्यावर पहिले तीन महिने, रोज ४०० मायक्रोग्रॅम. दुकानातून आणलेली स्ट्रिप जवळून बघा: अनेकदा तिच्यावर '५ मि.ग्रॅ.' लिहिलेलं असतं. म्हणजे ५००० मायक्रोग्रॅम, बारा पटींहून जास्त! आधीच्या बाळाला हा दोष असेल, फिट्सची औषधं चालू असतील किंवा मधुमेह असेल, तर डॉक्टर मोठा डोस देतात. तो मनाने घेऊ नका. आणि सरकारी दवाखान्यातल्या रक्तवाढीच्या लाल गोळ्यांतही फॉलिक ॲसिड असतं, पण त्या चौथ्या महिन्यापासून सुरू होतात. नळीसाठी त्यांचा उपयोग नाही.

पालक, मेथी, चवळी, हरभरे जरूर खा. पण फोलेट उष्णतेने कमी होतं आणि पाण्यात उतरतं, म्हणून कडधान्य शिजवलेलं पाणी ओतून देऊ नका, आमटीत घाला. नुसत्या जेवणावर मात्र विसंबू नका.

शाकाहारी मैत्रिणींनो, डॉक्टरांना बी-१२ तपासायला सांगा. ते कमी असताना जास्त फॉलिक ॲसिड घेतलं, तर रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं.