मुस्तफाचं मशीन

(पडदा काळा. बटणांचा टक्-टक् आवाज. हळूहळू उजेड येतो, दोन हात दिसतात.)

हा आवाज बटणाखालच्या मायक्रोस्विचचा. आतली पातळ पत्ती दाबली की वाकते आणि एका क्षणी टक् करून पलटते. नव्वदच्या दशकात ज्यांच्या दुपारी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये गेल्या, त्यांना तो डोळे मिटूनही ओळखता येईल.

आमचं पार्लर कोल्हापुरात होतं. सायकलच्या दुकानामागची एक खोली, दाराला जाड पडदा, आत चार मशीन. रुपयाला एक कॉइन. त्या चारांपैकी एका मशीनपुढे कायम घोळका. ते मुस्तफाचं मशीन.

गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९३ साली काढलेला. निवडायला चार जण, त्यातला टोपीवाला चपळ गडी म्हणजे मुस्तफा. धावत जाऊन उडी घेतली की त्याची लाथ समोरच्या दोघा-तिघांना एकदम आडवं करायची. गेमचं इंग्रजी नाव वाचायला थांबलंय कोण! आमच्याच गल्लीत नाही, भारतभर तो गेम मुस्तफा याच नावानं चालला.

(दृश्य: पुण्यातल्या फ्लॅटची गच्ची. फ्रिजचा मोठा पुठ्ठ्याचा खोका, मार्कर, कटर.)

दोन वर्षांपूर्वी हाच गेम मी लॅपटॉपवर लावला. पाच मिनिटांत बंद केला. चित्र तेच, संगीत तेच, पण कीबोर्डवर बोटं चाचपडत होती. डावा हात मुठीत गोळा शोधत होता आणि तिथं बाणांची चार बटणं होती. त्या दिवशी ठरवलं, मशीन बांधायचं. उभं, पुरुषभर उंचीचं, दोघांना खांद्याला खांदा लावून खेळता येईल असं.

असं मशीन बांधायला घेतलं की बहुतेक जण आधी संगणक घेतात, मग पडदा, आणि लाकडाचं शेवटी बघतात. मला हा क्रम पटत नाही. संगणकाचा बोर्ड केव्हाही बदलता येतो. हात जिथं टेकणार ती जागा चुकली, तर मशीन शोभेचं कपाट होऊन बसतं. म्हणून मी फ्रिजच्या खोक्यापासून सुरुवात केली. पूर्ण मापाचं पुठ्ठ्याचं मशीन केलं, त्यावर बटणांच्या जागी बाटल्यांची झाकणं चिकटवली आणि घरी येईल त्याला समोर उभं केलं.

मिस्त्रीकाका आले तेव्हा त्यांनाही उभं केलं. चाळीस वर्षं स्वयंपाकघरं आणि कपाटं बांधणारा माणूस. त्यांनी विचारलं, “दादा, यावर उभं राहून किती वेळ काम करायचं?” म्हटलं, तासभर. “मग ओट्यासारखंच आहे हे. ओटा आपण तेहतीस-चौतीस इंच घेतो, कारण कणीक मळताना वरून जोर द्यावा लागतो. इथं जोर नाही, नुसती बोटं. कोपर काटकोनात राहू द्या.” त्यांनी माझ्या कोपराला टेप लावली, पुठ्ठ्यावर खूण केली. ३७ इंच. पुढं मी जुन्या मशीनची मापं शोधली, तीही याच्या आसपासचीच निघाली.

माझी भाची आठ वर्षांची. तिला ३७ इंच कसे पुरणार? तिच्यासाठी आईनं देवघरातला जुना पाट काढून दिला.

(दृश्य: भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. प्लायच्या थप्प्या, हातगाडी.)

लाकूड. एमडीएफ, म्हणजे भुशाचा लगदा दाबून केलेली फळी, स्वस्त, गुळगुळीत, कापायला सोपं, आणि परदेशातले बरेच छंदी लोक तेच वापरतात. पण आपल्याकडचा पावसाळा चार महिन्यांचा. एमडीएफच्या कडेला एकदा पाणी मुरलं की ती फुगते, आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही. म्हणून १८ मिलिमीटरचा प्लाय घेतला. आठ बाय चारची एक शीट तीस किलोच्या पुढं भरते आणि लिफ्टमध्ये मावत नाही, तेव्हा मोठे काप दुकानातच मारून घेतले. दोन्ही बाजूंच्या फळ्या मात्र गच्चीवर, एकावर एक शिकंज्यात धरून जिगसॉनं एकदमच कापल्या. वेगवेगळ्या कापल्या असत्या, तर दोन बाजूंत दोन-तीन मिलिमीटरचा फरक राहिला असता आणि सगळं मशीन तिरकं बसलं असतं.

(दृश्य: होल सॉ फिरतो, भुसा उडतो.)

आता कंट्रोल पॅनल, म्हणजे बटणं आणि दिशा देणारा दांडा (स्टिक) बसवायची फळी. या सगळ्या कामात मी सर्वांत जास्त दिवस इथं घालवले.

जपानी पद्धतीची नुसती दाबून बसवायची ३० मिलिमीटरची बटणं मुळात पातळ पत्र्यासाठी केलेली आहेत. १८ मिलिमीटर प्लायमध्ये त्यांचे खटके पकड घेत नाहीत. मग एकतर भोकाभोवती खालून प्लाय कोरून पातळ करायचा, नाहीतर लांब आट्यांची, मागून नट आवळायची बटणं घ्यायची. मी दुसरा मार्ग घेतला.

बटणं किती? मुस्तफाला दोन पुरतात, मारायचं आणि उडीचं. पण ‘स्ट्रीट फायटर २’ला सहा लागतात, तीन ठोशांची आणि तीन लाथांची. हलका, मध्यम, जोराचा. १९९१ साली आलेल्या त्या गेमनं जगभरच्या मशीनची पॅनल बदलून टाकली. मी सहा घेतली, पण सरळ रेषेत नाही. पुठ्ठ्यावर पंजा सैल ठेवला आणि बोटांची टोकं जिथं पडली तिथं खुणा केल्या. मधलं बोट लांब, म्हणून मधलं बटण वर. पॅनलला समोरच्या बाजूनं थोडा उतार दिला.

स्टिकच्या तळाशी चार मायक्रोस्विच असतात, चार दिशांचे, आणि त्यांच्याखाली दांड्याला अडवणारी एक चौकट. जपानी स्टिकला ती सहसा चौकोनी असते, त्यामुळे तिरकी दिशा कोपऱ्यात नेमकी सापडते. अष्टकोनीही मिळते. दोन्ही लावून आठवडाभर खेळलो आणि चौकोनी ठेवली.

(दृश्य: जुन्या बाजारातले मॉनिटर, रविवारची गर्दी.)

पडदा जुन्या बाजारातून आणला. मूळ मशीनमध्ये काचेची नळी असायची, आणि तिच्या चित्राची सर एलसीडीला येत नाही हे मला मान्य आहे. पण त्या नळीवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो साठून राहू शकतो. घरात लहान मूल आहे. तो मोह मी सोडला.

एक गोष्ट मात्र सोडली नाही, पडद्याचा आकार. मुस्तफाचं चित्र ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं आहे आणि ते ४:३, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन, अशा पडद्यासाठी काढलेलं आहे. आजच्या रुंद टीव्हीवर ताणलं की सगळी माणसं ठेंगणी आणि जाडी दिसतात. १९ इंची चौकोनी मॉनिटर सगळीकडे मिळतात, पण ते ५:४ असतात. खऱ्या ४:३ आकाराचा २० इंची मिळायला तीन रविवार लागले. टीव्ही टाळायला आणखी एक कारण होतं. गेम सेकंदाला साधारण साठ चित्रं दाखवतो, म्हणजे एका चित्राला १७ मिलिसेकंद. पुष्कळ टीव्ही चित्र सुधारण्यात त्याहून जास्त वेळ घेतात, आणि तेवढ्यात डायनासोर चावून जातो.

वायरिंग विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या सामानावर झालं. प्रत्येक स्विचची एक वायर एन्कोडर नावाच्या, बटण दाबल्याचं संगणकाला कळवणाऱ्या छोट्या बोर्डाकडे, दुसरी सगळ्यांची मिळून एक. एन्कोडर यूएसबीनं रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाला जोडलेला. पहिल्यांदा चालू केलं तर मुस्तफा कुणी हात न लावता डावीकडे चालू लागला. मायक्रोस्विचला तीन पाय असतात. डाव्या दिशेची वायर मी चुकीच्या पायाला, कायम जोडलेल्या पायाला लावली होती.

(दृश्य: हिरवा सर्किट बोर्ड, त्यावरची बॅटरी जवळून.)

हा भाग मला घाईनं सांगायचा नाही. मुस्तफाच्या मूळ बोर्डावर एक बॅटरी असते. आवाज सांभाळणाऱ्या प्रोसेसरचा प्रोग्रॅम कुलूपबंद आहे, आणि त्याची किल्ली फक्त त्या बॅटरीच्या जिवावर टिकते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि चांगला चालता बोर्ड बंद पडतो. नक्कल रोखण्यासाठी केलेली ही सोय. आमच्या पार्लरमधलं मशीन आज कुठल्या गोदामात असेलच, तरी त्याची बॅटरी केव्हाच संपली असणार.

१९९७च्या फेब्रुवारीत निकोला साल्मोरिया या इटालियन तरुणानं ‘मेम’ नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. जुन्या मशीनमधले प्रोसेसर कसे वागायचे, ते जसंच्या तसं संगणकात उभं करणारा. त्याच्या मागोमाग जगभरच्या लोकांनी बोर्ड उघडले, चिप वाचल्या, कुलपं समजून घेतली. त्यांच्या त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. गेमचे हक्क अजून कंपन्यांचेच आहेत, आणि हा गेम मला पैसे मोजून घ्यायचाय. कॅपकॉमनं २०१८ साली आपले मारामारीचे सात जुने गेम एकत्र विकायला काढले, तेव्हा मी लगेच यादी पाहिली. त्यात मुस्तफा नव्हता.

(दृश्य: पूर्ण झालेलं मशीन. सनमायका चकचकीत. दोन खेळाडू पाठमोरे.)

मशीनची बाहेरची रुंदी २६ इंच. त्याहून जास्त केली असती तर दोघं मोकळे उभे राहिले असते. पण मुस्तफा खेळताना शेजारच्याचं कोपर लागतं, तो पुढं निघाला की आपल्याही अंगाला कळतं. ती दाटी मला हवी होती.

मशीन लावलं त्या संध्याकाळी मिस्त्रीकाकांना बोलावलं. भाची पाटावर, काका शेजारी. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा स्टिक धरली. पहिल्या टप्प्यात तीनदा मेले, भाचीनं त्यांना उडी शिकवली. मग ते खेळायचं थांबले. पॅनलच्या पुढच्या कडेवरून त्यांनी तळहात फिरवला, मनगट उलटं करून बघितलं. सनमायकाच्या धारेची लाल रेघ उठली होती.

“दादा, हे असं चालायचं नाही,” म्हणाले, आणि पिशवीतून कानस काढली.

(दृश्य: कडेवर फिरणारी कानस, मग पॉलिश पेपर. पाटावर उभी मुलगी वाट बघते आहे. पडद्यावर आकडे उलटे मोजले जात आहेत: नऊ, आठ, सात...)