ताऱ्याच्या गाडीची केबिन

(स्पीडोमीटरची कडी सोडवणारा हात, अगदी जवळून.)

कडी निघाली आणि खाली हा रंग दिसला. बोटभर रुंद, गोल पट्टा. करडी झाक असलेला हिरवा. भोवतीचा सगळा डॅशबोर्ड आकाशी आहे आणि त्या आकाशीलाही पोपडे धरलेत. पण कडीखाली ऊन पोचलं नाही, धूळ पोचली नाही, नंतरच्या एकाही पेंटरचा ब्रश पोचला नाही. कारखान्यातून निघतानाचा रंग इथे शाबूत राहिला.

(शेड. महामार्गाचा आवाज.)

कोल्हापूर. पुणे-बंगळूर महामार्गालगत, सांगली फाट्याजवळची ही शेड. गाडी आहे टाटा-मर्सिडीज ट्रक. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, आणि जर्मनीची डेमलर-बेन्झ यांचा करार १९५४ साली झाला. जमशेदपूरला ट्रक बनायला लागले आणि त्यांच्या नाकावर तीन टोकांचा तारा आला. १९६९ मध्ये करार संपला, तारा गेला, त्या जागी टाटांचा 'टी' आला. या गाडीच्या नाकावर अजून मूळचा तारा आहे. शेडमध्ये तिला सगळे ताऱ्याची गाडी म्हणतात.

इंजिनाचं काम आम्ही कॅमेरा घेऊन पोचायच्या आधीच उरकलं होतं. आम्हाला मिळाली ती केबिन. आणि जुन्या गाड्यांच्या कामात सगळ्यात आधी वाट लागते ती केबिनचीच. इंजिनाला मान असतो, बॉनेटला चकाकी असते. आतलं रेक्झिन फाटलेलं, म्हणून ते उपटायचं. छत कुजलेलं, म्हणून नवा प्लाय ठोकायचा. दोन दिवसांत केबिन नवी होते, आणि तिथे कुणी वीस वर्षं बसून भाकरी खाल्ली होती याची एकही खूण उरत नाही.

ही केबिन जमशेदपूरची नाही, हे आधी समजून घ्यायला हवं. त्या काळी कारखान्यातून बहुधा नुसती चेसिस यायची. इंजिन, चाकं, बॉनेट आणि बॉनेटला लागून पत्र्याचा डॅशबोर्ड, एवढंच. ड्रायव्हर उघड्यावर, एखाद्या लाकडी पेटीवर बसून, डोक्याला टॉवेल गुंडाळून ती घेऊन यायचा. केबिन आणि मागचा हौदा बांधायचे गावोगावचे सुतार आणि पत्रेवाले. ही केबिन बांधली कोल्हापूरच्या हातांनी. म्हणून डॅशबोर्ड पोलादी, आणि त्याला टेकून उभे असलेले हे दोन्ही खांब सागवानी.

(खांबाचा सांधा. सुताराचं बोट त्यावरून फिरतं.)

खिळा नाही. खाच आणि तिच्यात बसणारी कूस. सांधा अजून हलत नाही.

बांधणाऱ्या सुतारानं तेव्हा लाकूडकामाला डॅशबोर्डशी जुळणारा हिरवा नजरेनं मिसळला होता. नंतर मालक बदलले, रंग बदलले. पेंटरनं डॅशबोर्डच्या एका कोपऱ्यात वॉटर पेपर गोल फिरवायला घेतला तेव्हा एकेक थर उघडा पडला: वर आकाशी, मग पांढरा, मग मेंदी, आणि तळाशी तोच करडा हिरवा. टेकडीवरच्या तालींसारख्या एकाआत एक कडा. लाकडावरही असंच घासून पाहिलं. तिथे तळाचा हिरवा किंचित पिवळसर निघाला. दोन्ही हिरवे वेगळेच ठेवायचे, असं पेंटरनं तिथल्या तिथे ठरवलं. एकच छटा सगळीकडे मारणं सोपं होतं. पण मग सुतारानं काय केलं होतं ते दिसेनासं झालं असतं.

घासणं ओलंच चाललंय, हे लक्षात घ्या. जुन्या हिरव्या आणि पिवळ्या रंगांत शिशाची संयुगं सर्रास असायची. कोरडं घासलं की ती धूळ सरळ छातीत जाते. म्हणून पाणी, तोंडाला मास्क, आणि खाली पसरलेल्या कागदावर जमलेला गाळ वेगळा बांधून ठेवायचा. आपल्याकडच्या किती शेडमध्ये हे पाळतात, हा प्रश्न या पडद्यापलीकडचा आहे, पण महत्त्वाचा आहे.

(शाहूपुरीतलं रंगाचं दुकान. काउंटरवर पत्र्याची झाकणी.)

छटा जुळवायला पेंटर ग्लोव्ह बॉक्सची झाकणीच काढून घेऊन गेला. त्याआधी तिच्या आतल्या बाजूवर रबिंग कंपाउंड फिरवलं, कारण रंगाचा वरचा थर हवेनं मरगळतो आणि दुकानातलं रंग जुळवायचं मशीन त्या मरगळलेल्या रंगाचंच सूत्र देतं. मशीननं आकडे दिले, डबा हलला. आता बघा. ट्यूबलाइटखाली दोन्ही रंग एक दिसतात. पेंटर झाकणी घेऊन रस्त्यावर येतो, उन्हात धरतो, आणि नवा रंग निळा पडतो. परत आत. दोन थेंब पिवळा. परत उन्हात. ट्रक उन्हात चालतो, तेव्हा त्याचा रंगही उन्हातच जुळला पाहिजे.

(शेडच्या पत्र्यावर पाऊस.)

आणि मग पाऊस लागला. कोल्हापूरचा जुलै. डॅशबोर्डला ड्यूको, म्हणजे झटपट सुकणारा जुन्या धाटणीचा लॅकर रंग मारायचा, हे ठरलेलं होतं, कारण पीयूची, म्हणजे हल्लीच्या पॉलियुरेथेन रंगाची, काचेसारखी चमक या पत्र्याला परकी दिसते. पण ड्यूको दमट हवेत दगा देतो. त्यातलं थिनर झरझर उडतं, उडताना पृष्ठभाग गार करतं, त्या गारव्यावर हवेतलं बाष्प धरतं आणि रंगावर पांढुरकी साय येते. उडणं मंद करणारं थिनर मिळतं, ते घालून काम रेटताही येतं. पेंटरनं स्प्रे गन धुवून ठेवली आणि उघडीप पडेपर्यंत डॅशबोर्डला हात लावला नाही. आमचं शूटिंग त्यामुळे लांबलं. त्याचं बरोबर होतं.

(स्टिअरिंग चाक. भेगा.)

तेवढ्या दिवसांत स्टिअरिंग झालं. आत पोलादी कडं, वर कडक प्लास्टिकचं कवच. उन्हानं दोन्ही सारखी फुगत नाहीत, थंडीनं सारखी आकसत नाहीत, म्हणून भेगा जातात, आणि बहुतेक आऱ्यांजवळ जातात. भेग नुसती बुजवली तर ती महिनाभरात परत डोकं काढते. आधी कानशीनं तिला कोरून रुंद करायचं, इंग्रजी 'व्ही'च्या आकारात, पार पोलादापर्यंत. मग इपॉक्सी दाबून भरायची, एक रात्र सुकू द्यायची, कानशीनं गोलाई आणायची, मग पेपर. उजव्या बाजूला कवच थोडं झिजून बसलंय, तिथे हात असायचा. ती झीज भरलेली नाही. वरून काळा रंग चढला, पण बोटं तिथे बरोबर बसतात.

दारांच्या आतल्या पॅनेलवरचं रेक्झिन तपकिरी आहे. रेक्झिन मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे. वर्षानुवर्षं उन्हात ते द्रव्य निघून जातं आणि कापड पापडासारखं कडक होतं. ड्रायव्हरच्या बाजूचं गेलंच होतं, ते बदलावं लागलं. किन्नरच्या, म्हणजे क्लीनरच्या, बाजूचं वाचलं. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, परत साबण. चमक आणायच्या स्प्रेमध्ये सिलिकॉन असतं, त्याचा अंश राहिला तर नवा रंग तिथे धरत नाही, बारीक गोल खळगे पडतात. म्हणून रंगापेक्षा धुण्यातच जास्त वेळ गेला. रंग लवचीक, रेक्झिनसाठीचाच, आणि अगदी पातळ हात. जाड हात दिला तर रेक्झिनवरची चामड्यासारखी रेघ बुजते, आणि मग कितीही चांगला रंग असो, ते प्लास्टिकच दिसतं.

(कुशनवाले मामा सीट उसवतात. काथ्या, गोणपाट, स्प्रिंगा.)

हे पाहा. फोम नाही. स्प्रिंगांवर गोणपाट, त्यावर नारळाचा काथ्या, वर कापसाचा थर. काथ्यात गुळाचे खडे निघाले. या गाडीनं शाहू मार्केट यार्डातून गुळाचे रवे भरून गुजरातच्या खेपा केल्या, तिथलं गिऱ्हाईक कोल्हापुरी गुळाचं जुनं. मामांनी काथ्या फेकला नाही. उन्हात घातला, पिंजला, कमी पडला तेवढाच नवा मिसळला.

(ड्रायव्हरचा मुलगा, आता साठीचा, सीटवर बसतो. निवेदन नाही.)

आता वर बघा. काचेच्या वरच्या फळीवर, आतल्या बाजूनं, पिवळ्या अक्षरांना लाल सावली देऊन लिहिलंय: श्री अंबाबाई प्रसन्न. हे हातानं लिहिलेलं आहे, साचा नाही. दोन 'बा' शेजारी आहेत आणि दोन्हींची गोलाई वेगळी. 'प्र'चा खालचा भाग पावसाच्या गळतीनं गेलाय. मालकांचं म्हणणं होतं, नव्यानं लिहून घेऊ, गाडी एवढी झाली तर देवीचं नाव अर्धं कशाला. पेंटर तयार झाला नाही. लिहिणारा हात चांगला होता, त्यावर माझा हात नको, एवढंच त्याचं म्हणणं. शेवटी अक्षरांभोवती टेप लावून फळीचा उरलेला भाग रंगवला. अक्षरं कापसाच्या बोळ्यानं, साध्या पाण्यानं पुसली. थिनर जवळही आणलं नाही, त्यानं ती विरघळून गेली असती.

या गावात हा मान अक्षराला आणि मिस्त्रीला जुन्या काळापासून आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मेस्त्री. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या या माणसानं पुढे इथेच सिनेमाचा कॅमेरा जुळवला. लेथ आणि ब्रश एकाच घरात असणं कोल्हापूरला नवं नाही. ट्रकच्या फळीवर नाव लिहिणारा पेंटर त्याच परंपरेतला आहे, त्याचं नाव कुठे लिहिलेलं नसलं तरी. रेडियमच्या स्टिकरनं त्याचं काम गेलं.

(उघडीप. ड्यूकोचा पहिला हात. फक्त कॉम्प्रेसरचा आवाज.)

(डॅशबोर्ड पूर्ण. स्पीडोमीटर, ॲमीटर, तेलाच्या दाबाचा काटा जागेवर.)

खर्चाचं थोडक्यात सांगायचं तर मालकांचा अंदाज पार चुकला, आणि गाडी पूर्वीसारखी भाडं कमावणार नाही. दुसरी गोष्ट कागदाची. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी नियम केले: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर वेगळी नोंदणी आणि नंबरात 'व्हीए'. पण ती सोय दुचाकींना आणि खासगी वापराच्या मोटारींना. मालवाहू ट्रक त्या व्याख्येत बसत नाही. ताऱ्याची गाडी कागदावर आजही माल वाहणारं वाहन आहे आणि तिला दर वर्षी पासिंग चुकत नाही. ट्रक त्या यादीत यायला हवा.

पासिंगची तारीख जवळ आली आहे. मालकांनी रिफ्लेक्टरच्या पट्ट्या आणून ठेवल्यात. त्या हौद्याला बाहेरून लागतील. आत काहीही चिकटवायचं नाही, हे पेंटरनं त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय.