बाहेरच्या माणसाला विचारायची मुभा

श्रोतेहो, नमस्कार.

बडोद्यात मी बरीच वर्षं वकिली करते. वाटण्या, मृत्युपत्रं, बक्षीसपत्रं हे माझं रोजचं काम. या कागदांच्या निमित्तानं माझ्याकडे अधूनमधून अशी माणसं येतात, की त्यांचा खरा प्रश्न जागेचा किंवा पैशाचा नसतोच. ती एखाद्या मंडळात, एखाद्या गुरूंच्या परिवारात दहा-पंधरा वर्षं रमलेली असतात आणि आता त्यांना तिथून बाहेर पडायचं असतं. आज मला त्यांच्याशी बोलायचं आहे, आणि त्यांच्या घरच्यांशीही.

आधीच सांगते, हे बोलणं भक्तीविरुद्ध नाही. मी स्वतः एकादशी करते. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, बाबाजीपुऱ्यात आपली कितीतरी भजनी मंडळं आहेत. तिथं माणूस जमेल तसा जातो, आणि चार महिने फिरकला नाही तर लोक तब्येत विचारायला घरी येतात. मी बोलते आहे ती ठिकाणं वेगळी. एक गुरुवार चुकला तर माणसाच्या पोटात गोळा येतो, अशी.

दोनेक वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. शाळेतून निवृत्त झालेल्या, यजमान गेलेले, मुलगा पुण्याला. वयानं माझ्याहून मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणते. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी विचारलं, "मी इथं आले होते हे कुणाला कळणार नाही ना?" पिशवीत बक्षीसपत्राचा मसुदा होता. राहत्या घरातला त्यांचा हिस्सा गुरूंच्या केंद्राच्या नावे करायचा होता, सही पुढच्या आठवड्यात. आणि त्याखाली एक वही होती. ती दाखवावी की नाही, या विचारात त्या बराच वेळ पिशवीत हात घालून बसल्या होत्या.

साधी दोनशे पानी वही. प्रत्येक पानावर तारीख आणि आखलेले तीन रकाने. पहिला, मनात आलेले विकल्प, म्हणजे शंका. दुसरा, कुणाच्या तोंडून निंदा ऐकली. तिसरा, प्रायश्चित्त. पहिले दोन ताईंनी भरायचे, तिसरा केंद्रप्रमुखांनी. दर गुरुवारी वही दाखवायची. एका पानावर ताईंच्या नीटस, शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं होतं: अन्नदानाचे पैसे नक्की कुठे जातात, असं मनात आलं. शेजारी लाल शाईत दुसरं अक्षर: अकरा दिवस मौन, सेवा बंद.

त्यांनी हा प्रश्न कुणाला विचारलाही नव्हता. फक्त मनात आला होता, आणि त्यांनीच तो लिहून दिला होता.

मधल्या रकान्याबद्दल बोलताना ताई रडल्या. तिथं त्यांनी बारा वर्षं शेजारी बसून आरती म्हणणाऱ्या मैत्रिणीचं नाव लिहिलं होतं. मैत्रिणीच्या वहीत त्यांचंही असणारच. अशा ठिकाणी माणसं एकमेकांजवळ मन मोकळं का करत नाहीत, याचं उत्तर त्या रकान्यात आहे. शंका शंभर जणांना असते. पण प्रत्येकाला वाटतं की ती आपल्या एकट्यालाच आहे, आणि म्हणून खोट आपल्यातच आहे.

कायद्याला हे सगळं फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये १८८७ साली अपील न्यायालयानं एका खटल्याचा निकाल दिला. ऑलकार्ड नावाच्या एका स्त्रीनं धार्मिक भगिनीसंघात प्रवेश घेतला आणि आपली मालमत्ता संघाच्या प्रमुख बाईंना दिली. संघाचा नियम असा होता, की प्रमुखांच्या परवानगीशिवाय बाहेरच्या कुणाचाही सल्ला घ्यायचा नाही. १८७९ मध्ये ती संघातून बाहेर पडली. न्यायालयानं मान्य केलं, की असा नियम असताना दिलेली देणगी मोकळ्या मनानं दिली असं धरता येत नाही. न्यायमूर्ती लिंडली यांनी तर म्हटलं, की माणसाच्या मनावर चालणाऱ्या सगळ्या प्रभावांमध्ये धार्मिक प्रभाव सर्वांत बलवान आणि सर्वांत धोकादायक असतो. तरीही तिला पैसे परत मिळाले नाहीत, कारण दावा लावायला तिनं सहा वर्षं घेतली. उशीर झाला.

आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचं सोळावं कलम आहे, अनुचित प्रभावाचं. एकाची दुसऱ्याच्या मनावर हुकमत चालत असेल आणि झालेला व्यवहार उघडउघड अन्यायाचा दिसत असेल, तर तो दडपणाशिवाय झाला हे सिद्ध करायची जबाबदारी हुकमत चालवणाऱ्यावर येते. अलाहाबाद उच्च न्यायालयासमोर १८९० साली असंच प्रकरण होतं. एका वृद्ध गृहस्थानं परलोकात आत्म्याचं भलं व्हावं म्हणून सगळी मालमत्ता आपल्या गुरूला लिहून दिली होती. न्यायालयानं ते बक्षीसपत्र टिकू दिलं नाही. म्हणजे 'तुम्ही स्वखुशीनं दिलंत, आता बोलायची सोय नाही' असं कुणी सांगत असेल, तर ते खरं नाही. मात्र असा दस्त रद्द करून घ्यायला तीन वर्षांची मुदत असते. वस्तुस्थिती लक्षात आली त्या दिवसापासून ती मोजतात. बाहेर पडलेली माणसं लाजेपोटी गप्प बसतात आणि ही तीन वर्षं निघून जातात. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

शंका घेणाऱ्याला एकटं पाडायचं, ही रीत काही आजची नाही. मुंबईत १८६२ साली गाजलेला महाराज लायबल खटला गुजराती घरांतून अजून आठवला जातो. करसनदास मुळजी या पत्रकारानं आपल्याच संप्रदायातल्या महाराजांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, गैरवर्तनाविषयी लिहिलं, आणि महाराजांनी त्याच्यावर बदनामीचा दावा लावला. खटला उभा राहण्याआधीच भाटिया समाजाच्या पुढाऱ्यांनी बैठक घेऊन ठरवलं, की महाराजांविरुद्ध कुणीही साक्ष द्यायची नाही, देईल तो जातीबाहेर. त्या ठरावाबद्दल त्यांच्यावर वेगळा खटला होऊन त्यांना दंड झाला. मग साक्षी झाल्या. आपले डॉक्टर भाऊ दाजी लाड साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि वैद्य म्हणून जे ठाऊक होतं ते त्यांनी सांगितलं. करसनदास जिंकले. पण त्याच्या कितीतरी आधी, विधवाविवाहावर निबंध लिहायला घेतला म्हणून, लहानाचं मोठं करणाऱ्या नातलग बाईंनीच त्यांना घराबाहेर काढलं होतं.

आणि आपलं बडोदं? सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९१५ साली हिंदू पुरोहित कायदा झाला. पुरोहितानं परीक्षा दिली पाहिजे, आणि जे मंत्र तो म्हणतो त्यांचा अर्थ यजमानाला कळला पाहिजे, हा त्यामागचा विचार. १९३३ मध्ये जातीचा जुलूम दूर करणारा कायदा झाला. त्याच सुमारास अल्पवयीन मुलामुलींना संन्यासदीक्षा देण्यावर निर्बंध आले. मांडवीपासून न्यायमंदिरापर्यंत आपण रोज जातो-येतो, पण या रस्त्यांवर राज्य करणाऱ्या माणसानं व्यक्ती आणि तिचा गट यांच्या मध्ये कायदा उभा केला होता, हे आपण नव्या पिढीला सांगत नाही. सांगायला हवं. समूहाच्या दडपणाखाली माणूस एकटा असतो, त्याला आधार लागतो, हे त्या राजाला कळलं होतं.

पुढचा इतिहास तितका सरळ नाही. मुंबई राज्यानं १९४९ मध्ये बहिष्कारविरोधी कायदा केला. बडोदं तेव्हा नुकतंच मुंबई राज्यात आलं होतं. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा घटनाबाह्य ठरवला. धर्मसंप्रदायाला आपला कारभार पाहण्याचा हक्क आहे, या घटनेच्या सव्विसाव्या कलमाचं पारडं तेव्हा जड झालं. त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून २०२३ मध्ये प्रकरण मोठ्या पीठाकडे गेलं आहे. महाराष्ट्रानं २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, पण तो महाराष्ट्रापुरता. माझं मत स्पष्ट आहे. पंचविसावं कलम प्रत्येक माणसाला सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं, आणि त्यात सोडून जाण्याचं स्वातंत्र्य आलंच पाहिजे. जाणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही असा हुकूम निघत असेल, तर ते स्वातंत्र्य कागदावरच राहतं.

ताईंनी सही केली नाही. त्या बाहेर पडल्या, आणि खरा त्रास तिथून पुढे सुरू झाला. खंडेराव मार्केटमध्ये ती आरतीची मैत्रीण भेटली. ताईंना पाहताच निवडून घेतलेली भाजी तशीच टोपलीत टाकून निघून गेली. तिसऱ्या महिन्यात ताई न्हाणीघरात पडल्या, मनगट मोडलं. हा गुरूंचा कोप, असं त्यांना मनापासून वाटलं. कोप होतो हे त्या इतकी वर्षं ऐकत आल्या होत्या. हाडांच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, की हाडं ठिसूळ झाली आहेत, या वयाच्या पुष्कळ बायकांची होतात, औषध आहे. ते रिपोर्ट ताई पुढे कितीतरी दिवस पर्समध्ये घेऊन फिरत होत्या. मध्येच काढून वाचायच्या.

घरच्या माणसांनो, आता तुमच्याशी बोलते. ताईंचा मुलगा पुण्याहून आला आणि पहिलं वाक्य बोलला, "आई, तुला किती वेळा सांगितलं होतं." त्याची तळमळ खरी होती. पण यजमान आजारी असताना हॉस्पिटलात रात्रीच्या पाळ्या लावल्या होत्या त्या याच मंडळानं. डबे आणले होते याच बायकांनी. ते प्रेम खोटं नव्हतं. आई मूर्ख ठरली तर ते दिवसही खोटे ठरतात, आणि मग तिच्याजवळ काहीच उरत नाही. म्हणून त्यांनी मुलाशी बोलणंच टाकलं. मंडळ सुटलेलं आणि मुलगा दुरावलेला, अशा अवस्थेत त्या परत जायला निघाल्या होत्या. त्यांना थांबवलं ते शेजारच्या गुजराती बेननं. त्या रोज संध्याकाळी चहाला बोलवायच्या आणि मंडळाचा विषय स्वतःहून काढायच्या नाहीत. पुढे मुलालाही ते समजलं. आता तो रोज फोन करतो आणि जेवणाखाण्याचं, नातवाच्या शाळेचं बोलतो.

तुमचं माणूस अजून आत असेल तर गुरूंना शिव्या देऊ नका. तुम्ही शिव्या दिल्यात की त्या वहीत लिहिल्या जाणार, आणि तुमच्याशी बोलण्यावर बंदी येणार. वाढदिवस, श्राद्ध, लग्न, प्रत्येक वेळी बोलवा. आलं नाही तरी पुढच्या वेळी बोलवा. देव मानणं सोडलं का, असंही विचारू नका. ताई आजही सकाळी पूजा करतात.

आणि तुम्ही स्वतः आत असाल, मनात काही खुपत असेल, तर आज काहीही ठरवू नका. फक्त आधार कार्ड, पासबुक, घराचे दस्त तुमच्याच कपाटात आहेत ना, एवढं पाहा. दिलेल्या रकमांच्या पावत्या, मेसेज, हिशेबाच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. आणि मंडळाबाहेरच्या एका माणसाशी बोला. परवानगी न घेता.

भीती, अपराधीपण, झोप न लागणं यासाठी सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६. बायकांसाठी आपल्या गुजरातमध्ये १८१ अभयम आहे. वकील परवडणार नाही असं वाटत असेल, तर १९८७ च्या कायद्याप्रमाणे मोफत कायदेशीर मदत मिळते. स्त्रियांना त्यात उत्पन्नाची अटच नाही. क्रमांक १५१००, किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात थेट जाऊन विचारा. कागदावर सही झाली नसेल तर सही करण्याआधी जा, आणि झाली असेल तर तीन वर्षं संपायच्या आत जा.

नमस्कार.