मक्याबरोबर जे आले नाही

समोरच्या टेबलावर मी दोन वाट्या ठेवल्या आहेत. एकीत बाजारातून आणलेले मक्याचे कोरडे दाणे आहेत. दुसरीत तेच दाणे आहेत, पण काल संध्याकाळी मी ते थोडा खाण्याचा चुना घातलेल्या पाण्यात उकळले आणि रात्रभर तसेच झाकून ठेवले. व्याख्यानानंतर आपण जवळ येऊन हा दाणा चिमटीत चोळून पाहा. वरची साल बोटांना चिकटून सुटते, आतला दाणा फुगून मऊ झालेला असतो आणि त्याला चुना दिलेल्या ओल्या भिंतीसारखा वास येतो. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या बायका किमान तीन हजार वर्षे मका असाच शिजवत, धुवत आणि मगच पाट्यावर वाटत आल्या आहेत. या दाण्याला तिथे 'निक्स्तमाल' म्हणतात, आणि त्याच्या पिठाची भाकरी म्हणजे तोर्तिया.

सालीच्या या कष्टामागे केवळ चव नव्हती. मक्यात नायसिन, म्हणजे ब जीवनसत्त्वांपैकी एक, असते खरे. पण ते अशा बंधनात अडकलेले असते की आपल्या आतड्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही. चुन्याच्या पाण्यात शिजवल्यावर ते मोकळे होते, शिवाय चुन्यातले कॅल्शियम पिठात उतरते. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून शरीर स्वतःही थोडे नायसिन तयार करते, परंतु मक्याच्या प्रथिनात तेही तुटपुंजे असते. ती उणीव त्याच शेतात, मक्याच्याच आधाराने वाढणाऱ्या घेवड्याने भरून निघत असे.

कोलंबसानंतर मक्याचे बी स्पेनमध्ये आणि इटलीत पोहोचले, पण चुन्यात शिजवण्याची रीत आणि मका-घेवड्याची ती जोडी त्याच्याबरोबर गेली नाही. भरघोस पिकणारे स्वस्त धान्य म्हणून मका गरिबाच्या ताटात आला आणि पुष्कळ घरांत त्या ताटात दुसरे काही उरलेच नाही. १७३५ साली गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने अस्तुरियासच्या शेतकऱ्यांमध्ये एक विचित्र व्याधी पाहिली. उन्हात उघडे राहणारे हात आणि मान लाल होऊन कातडी काळवंडे, मग जुलाब लागत, पुढे बुद्धिभ्रम होई आणि अखेर मृत्यू येई. १७७१ मध्ये इटलीत फ्रापोली यांनी या रोगाचे 'पेलाग्रा', म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव छापून आणले.

विसाव्या शतकाच्या आरंभी हाच रोग अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पसरला. कापूस पिकवणारे खंडकरी आणि सूतगिरण्यांचे मजूर मक्याचे पीठ, डुकराची चरबी आणि काकवी यांवर दिवस काढत होते. त्यातच नव्या यंत्रगिरण्या दाण्याचा अंकुर काढून टाकत, कारण तसे पीठ जास्त टिकते. रोग संसर्गजन्य आहे असे बहुतेक डॉक्टर मानत. १९१४ मध्ये सरकारी आरोग्यसेवेने हे काम जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे सोपवले. वेड्यांच्या इस्पितळांत फिरताना त्यांना दिसले, की रोगी पेलाग्राने खंगत आहेत, पण त्यांच्यातच दिवसभर वावरणाऱ्या परिचारिकांना काहीही होत नाही. फरक होता तो जेवणात. मिसिसिपीतल्या अनाथालयांतील मुलांना त्यांनी दूध, अंडी, मांस आणि शेंगा देववल्या, आणि रोग हटला. तरीही विरोधक ऐकेनात, तेव्हा १९१६ मध्ये गोल्डबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले. त्यांच्या पत्नी मेरी यांनीही ते टोचून घेतले. कोणीही आजारी पडले नाही.

त्यानंतरचे त्यांचे काम मला अधिक मोलाचे वाटते. दक्षिण कॅरोलिनातल्या गिरणगावांत अर्थतज्ज्ञ एडगर सायडनस्ट्रिकर यांच्यासह त्यांनी घराघरांतली मिळकत आणि किराणा तपासला आणि रोगाचे मूळ तुटपुंज्या मजुरीत आहे, असे स्पष्ट मांडले. ते तिथल्या पुढाऱ्यांना रुचले नाही. १९२९ मध्ये गोल्डबर्गर वारले. नायसिन हेच ते हरवलेले द्रव्य, हे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ एल्व्हेहेम यांनी १९३७ मध्ये दाखवले.

इतके कळल्यावर हा प्रश्न मिटायला हवा होता. पण १९९० मध्ये मलावीतल्या छावण्यांमध्ये मोझांबिकच्या १७,०००हून अधिक निर्वासितांना पेलाग्रा झाला. त्यांच्या शिध्यात मका होता. नायसिन पुरवणारे शेंगदाणे मात्र मिळेनासे झाले होते.

आज शहरी माणूस मका खातो तो बहुधा न ओळखता: कोंबडीच्या खाद्यातून, स्टार्चमधून, आणि अमेरिकेत शीतपेयांतल्या, मक्यापासून केलेल्या गोड सिरपमधून. काही जण या सिरपला विष ठरवतात, ते मला पटत नाही. शीतपेयांत वापरल्या जाणाऱ्या सिरपमधल्या शर्करेत सुमारे ५५ टक्के फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, असते आणि उसाच्या साखरेत ५० टक्के. शरीराला हा फरक फारसा जाणवत नाही. घातक आहे ते प्रमाण, आणि मका स्वस्त असल्याने ते सहज वाढते. ज्या मेक्सिकोने जगाला निक्स्तमाल दिला, त्यालाच २०१४ मध्ये गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावावा लागला.

आपल्या शेजारची एक घटना सांगतो. १९७४ च्या अखेरीस गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांतल्या आदिवासी पाड्यांमध्ये कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. अवकाळी पावसात भिजलेली कणसे नीट न वाळवता साठवली गेली होती, आणि त्यांवरच्या बुरशीने अफ्लाटॉक्सिन हे यकृत जाळणारे विष तयार केले होते. नोंदल्या गेलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. त्याच घरांतल्या भाकरीच्या तुकड्यांवर जगणारी कुत्रीही तशीच मेली. मका बुरसटलेला आहे हे त्या लोकांना दिसत होते, परंतु पुढच्या पिकापर्यंत घरात दुसरे धान्य नव्हते.