देव शहरातच राहतात

[दृश्य: न्यूयॉर्क, सकाळची गर्दी, कॅमेरा हळूहळू वर जातो]

ग्रँड सेंट्रल स्टेशन. रस्त्याकडच्या दर्शनी बाजूला, मोठ्या घड्याळाच्या वर उभा आहे हर्मीस. रोमन लोक त्याला मर्क्युरी म्हणत. एका अंगाला हर्क्युलिस, दुसऱ्या अंगाला मिनर्व्हा, म्हणजेच ग्रीकांची बुद्धीची देवी अथीना. १९१४ पासून ही मंडळी इथे आहेत. वाटसरूंचा, व्यापाऱ्यांचा आणि चोरांचाही देव रेल्वे स्टेशनवर नेमावा, हे सुचलं कुणाला कोण जाणे, पण नेमणूक अचूक झाली.

जवळच रॉकफेलर सेंटर. तिथे देवांचा अग्नी चोरणारा सोनेरी प्रॉमिथियस आणि खगोल खांद्यावर पेलणारा ॲटलस. लंडनला पिकॅडिली सर्कसमध्ये पंख असलेला धनुर्धारी. त्याला सगळे इरॉस म्हणतात, म्हणजे ग्रीकांचा प्रेमदेव. शिल्पकार आल्फ्रेड गिल्बर्टच्या मनात मात्र त्याचा भाऊ अँटेरॉस होता.

ग्रीक पुराणांवर बेतलेल्या किशोर फँटसीबद्दल नेहमी सांगितलं जातं, की लेखकांनी जुने देव उचलले आणि आजच्या शहरात आणून सोडले. आम्हाला हे पटत नाही. देव शहरात होतेच. लेखकांनी पुतळ्यांना बोलतं केलं, एवढंच.

[दृश्य: अथेन्स, ॲक्रोपोलिस]

मुळात या देवांची भांडणंसुद्धा शहरावरून झालेली. अथेन्स कुणाचं? समुद्रदेव पोसायडनने त्रिशूळ मारून खडकातून खारं पाणी काढलं, अथीनाने ऑलिव्हचं झाड दिलं. झाड जिंकलं, शहराला तिचं नाव मिळालं. त्या अथेन्समध्ये घराच्या दाराशी, चौकाचौकात हर्मीसचे दगडी खांब असत. इसवी सनपूर्व ४१५ मध्ये, आरमार सिसिलीच्या मोहिमेवर निघायच्या तोंडावर, कुणीतरी एका रात्रीत ते विद्रूप करून टाकले. सकाळी शहर हादरलं. चौकश्या झाल्या, धरपकड झाली, काहींना देहदंडही झाला. कादंबरीचं पहिलं प्रकरण शोभावं अशी ही घटना खरीखुरी आहे. थुसिडिडीसने ती इतिहासात नोंदवून ठेवली आहे.

[दृश्य: मोनास्तिराकी मेट्रो स्टेशन]

आणि आजच्या अथेन्समध्ये मोनास्तिराकीला मेट्रोतून उतरलात, तर स्टेशनच्या आतच खाली वाहतं पाणी दिसतं. ती एरिडॅनोस नदी. रोमन काळात तिच्यावर छत घातलं गेलं आणि ती जमिनीखाली गेली. याच नावाची आणखी एक नदी पुराणात आहे. तिथे एक मुलगा पडला होता.

[संथ संगीत]

त्याचं नाव फेथॉन. रोमन कवी ओव्हिडने त्याची गोष्ट रंगवून सांगितली आहे. तो वाढतो आईजवळ. बाप सूर्यदेव, पण कधी घरी न आलेला. बरोबरीचा एक मुलगा त्याला हिणवतो, "तुझी आई सांगते आणि तू खरं मानतोस?" झालं. फेथॉन थेट सूर्याच्या महालात जातो आणि पुरावा मागतो. बाप पाताळातल्या स्टिक्स नदीची, देवांनाही न मोडता येणारी शपथ घेऊन म्हणतो, हवं ते माग. पोरगा मागतो सूर्याचा रथ, एका दिवसासाठी. बाप हरतऱ्हेने विनवतो, पण शब्द गेलेला असतो. घोड्यांना लगेच कळतं, की आज रथ हलका आहे. आकाशातला विंचू पाहून मुलाच्या हातून लगाम सुटतात, पृथ्वी जळू लागते. शेवटी देवांचा राजा झ्यूस वज्र फेकतो, आणि जळता फेथॉन एरिडॅनोसमध्ये कोसळतो.

शाळेतलं हिणवणं, गायब बाप, स्वतःला सिद्ध करायची घाई, आणि झेपत नसलेल्या गाडीची किल्ली. किशोर कादंबरीला आणखी काय लागतं? ग्रीक वीर थिसियसचंही तेच. बाप खडकाखाली तलवार आणि पादत्राणं पुरून निघून जातो. ज्या दिवशी पोराला खडक हलवता येईल, त्या दिवशी त्याला बापाचं नाव कळणार. देव असोत की राजे, ग्रीक पुराणातले बाप पालक म्हणून एकजात नापास.

रिक रायर्डनने हे नेमकं हेरलं. त्याची 'द लाइटनिंग थीफ' २००५ साली आली. तिच्यात देवांचं घर ऑलिंपस आहे एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या सहाशेव्या मजल्यावर. खऱ्या इमारतीला मजले १०२. पण त्याहून मोलाची कल्पना वेगळीच आहे. नायकाला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचताना अक्षरं नीट न लागण्याची अडचण आहे, कारण त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचण्यासाठी घडलेला आहे. वर्गात ज्याला सगळे उणीव म्हणत आले, ती निघाली वंशाची खूण. रायर्डनच्या स्वतःच्या मुलाला डिस्लेक्सिया होता, आणि गोष्ट आधी त्याच्यासाठीच रचली गेली.

नंतर अशा पुस्तकांची रीघ लागली. पुष्कळशी सुमार. झ्यूसला सूट घातला, पाताळाच्या देवाला, हेडीसला काळा गॉगल दिला, की झालं काम. जी उरतात, ती जुन्या गोष्टीतलं दुखणं बाहेर काढतात.

[दृश्य: मॅनहॅटनमधली कलेक्ट पाँड बाग]

उदाहरण मेडुसाचं. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात ती गॉर्गन नावाच्या तीन राक्षसी बहिणींपैकी एक, एकटीच मर्त्य. ओव्हिडच्या गोष्टीत ती सुंदर मुलगी आहे. अथीनाच्या देवळात पोसायडन तिच्यावर बळजबरी करतो, आणि शिक्षा होते तिलाच, केसांचे साप होतात. पुढे वीर पर्सियस तिचं मुंडकं कापतो. पिढ्यान् पिढ्या ती फक्त मारायची राक्षसीण होती. आता तिच्या बाजूने लिहिलं जातंय.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये तर ती रस्त्यावरच आली. शिल्पकार लुचानो गार्बाती यांची ब्राँझची मेडुसा न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयासमोर काही काळ उभी होती. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात पर्सियसचं मुंडकं. लगेच वाद पेटला. अनेकांनी विचारलं, गुन्हा पोसायडनचा होता, मग मुंडकं पर्सियसचं का?