ट्रायल रननंतरचे दिवस: नव्या मार्गावरच्या चाचण्या आणि विलंब

मित्रहो, नागपुरात मेट्रोवर बोलताना श्रोत्यांना फारसे प्रास्ताविक लागत नाही. वर्धा रोडवर खांब उभे राहताना आपण सर्वांनी पाहिले आहेत आणि त्या काळातली धूळही खाल्ली आहे. मात्र बाहेरचे काम संपल्यासारखे वाटू लागल्यावर आत जे काम सुरू होते, ते फार थोड्यांच्या नजरेस पडते. माझे आजचे बोलणे त्या कामापुरतेच आहे. सप्टेंबर 2017 च्या अखेरीस आपल्याकडे पहिली ट्रायल रन झाली, तीही हैदराबादहून भाड्याने आणलेल्या गाडीवर, आणि खापरी ते सीताबर्डी हा मार्ग प्रवाशांना मिळाला 8 मार्च 2019 रोजी, मधली काही स्थानके बंद असताना. मुंबईत वर्सोवा ते घाटकोपर मार्गावर 1 मे 2013 ला ट्रायल रन झाली आणि गाडी सुरू झाली 8 जून 2014 ला. हिरवा झेंडा दाखवल्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले की महिन्या-दोन महिन्यांत बसायला मिळेल असे आपण धरून चालतो, पण ट्रायल रन म्हणजे खरे तर चाचण्यांचा आरंभ.

या चाचण्यांतली पहिली अगदी साधी असते. गाडीच्या बाह्याकाराएवढी चौकट ट्रॉलीवर बसवून ती रुळांवरून हळूहळू ढकलत नेतात. फलाटाची कड, केबलचा कंस, पाण्याचा पाइप, जे काही त्या चौकटीला घासेल तिथे खूण केली जाते. फलाटाची कड दोन सेंटिमीटर पुढे आलेली निघाली, तर ती कापण्यावाचून गत्यंतर नसते, आणि त्यात जाणारे दिवस कोणत्याही वेळापत्रकात लिहिलेले नसतात. मग वरच्या तारेत 25,000 व्होल्टचा प्रवाह सोडला जातो. त्यानंतर प्रवाशांच्या वजनाइतकी वाळूची पोती डब्यांत रचून गाडी पळवतात, कोरड्या रुळांवर आणि ओल्या रुळांवर आणीबाणीचा ब्रेक लावून ती किती अंतरात थांबते हे मोजतात, वेगात असताना डबा किती हेलकावतो याची नोंद घेतात. ही तपासणी लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेकडून होते.

एवढे झाले तरी एकटी गाडी चालवण्यापुरतेच झाले. मी सिग्नलच्या कामातला माणूस आहे, तेव्हा माझा कल तिकडे झुकणार हे गृहीत धरा. पण अडचणींचे मूळ बहुतेक वेळा एका गाडीत नसून दोन गाड्यांच्या मधल्या अंतरात असते. पुढची गाडी कुठे आहे, मागचीने कुठवर यावे, दार पूर्ण मिटले की नाही, हे सारे संगणक ठरवतो, आणि खात्री पटली नाही तर तो गाडी जागच्या जागी उभी करतो. त्याने असे थांबणे हे यंत्रणेचे यश आहे, फलाटावर उभ्या प्रवाशाला ते कितीही जाचक वाटले तरी. एक दोष सापडला की सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येते, आणि ती आली की आधी उत्तीर्ण झालेल्या अनेक चाचण्या पुन्हा द्याव्या लागतात, कारण एका ठिकाणच्या दुरुस्तीने दुसरीकडचे काही बिघडले नाही हे कागदावर सिद्ध व्हावे लागते. सगळ्यात शेवटी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्त येतात, पायी आणि ट्रॉलीवरून मार्ग पाहतात आणि अटींसह परवानगी देतात. हे आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. मार्ग बांधणारे आणि तो तपासणारे यांचे वरिष्ठ एकच नसावेत, हा त्यामागचा शहाणपणा.

आता यात घाई केली तर काय होते, याचे उदाहरण मी मुद्दाम दूरचे घेतो, कारण तिथे सारे प्रकरण चौकशी होऊन सार्वजनिक झाले आहे. कॅनडाची राजधानी ओटावा येथे साडेबारा किलोमीटरचा, तेरा स्थानकांचा लाइट रेलचा, म्हणजे हलक्या गाड्यांचा, मार्ग मे 2018 मध्ये ताब्यात मिळायचा होता, तो प्रवाशांसाठी उघडला 14 सप्टेंबर 2019 ला. कारणे अनेक होती. 2016 मध्ये बोगद्याच्या कामाजवळ भर रस्ताच खचला होता. पण त्या खड्ड्याहून मला महत्त्वाचे वाटते ते शेवटच्या चाचणीत घडले. प्रवाशांविना पूर्ण वेळापत्रक चालवून पाहण्यासाठी बारा दिवसांची कसोटी होती आणि त्यात सरासरी 98 टक्के उपलब्धता, म्हणजे ठरलेल्या धावेपैकी प्रत्यक्ष झालेली धाव, अपेक्षित होती. निकाल मनासारखे येईनात तेव्हा चालू कसोटीतच निकष 96 टक्क्यांवर आणला गेला, तोही बारापैकी सर्वांत चांगल्या नऊ दिवसांचा. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असे आपण म्हणतो. इथे तर वऱ्हाडही दारात उभे होते. आरंभी तीन आठवडे जुन्या बसगाड्या समांतर चालू होत्या. त्या बंद होऊन सारी गर्दी एकदम रेल्वेवर आली, आणि कुणीतरी मिटणारे दार हाताने धरले की तेवढ्यावरून गाडी बंद पडू लागली, तिच्यामागे अख्खा मार्ग खोळंबू लागला. मग हिवाळ्यात चाकांची गोलाई जागोजागी झिजून सपाट झाली. ऑगस्ट आणि सप्टेंबर 2021 मध्ये गाडी दोनदा रुळावरून घसरली आणि सेवा जवळजवळ दोन महिने बंद ठेवावी लागली. न्यायमूर्ती विल्यम हुरिगन यांच्या आयोगाचा अहवाल नोव्हेंबर 2022 मध्ये आला आणि त्यात हा सारा तपशील नोंदलेला आहे.

दाराची गोष्ट आपल्यासाठी विशेष आहे. वाळूची पोती दार अडवत नाहीत. धावत येऊन मिटत्या दारात हात घालणारा माणूस चाचणीच्या गाडीत नसतो, आणि सिटी बसला लोंबकळून वाढलेल्या आपल्या पिढीला तो चांगला ठाऊक आहे. म्हणून थोड्या गाड्या, मोजकी स्थानके आणि कमी वेळ अशी सुरुवात करण्याची पद्धत मला योग्य वाटते. 2019 मध्ये आपल्याकडे स्थानके बंद ठेवून मार्ग उघडला तेव्हा त्यावर टीका झाली, आणि अर्धवट कामाचे लोकार्पण ही टीका अगदीच चुकीची नव्हती. पण हळूहळू वाढवत नेण्यात जो लाभ आहे, तोही नाकारता येणार नाही.

ऋतूचेही तसेच. ओटावाला बर्फाने गाठले, आपल्याला मेअखेरचा नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, गाठतो. हवेचे तापमान 45 अंशांच्या वर गेले की उन्हातले रूळ त्याहून कितीतरी तापतात, आणि जोड न ठेवता सलग वितळवून जोडलेला रूळ तेव्हा बाजूला वाकू पाहतो. सिग्नलच्या खोलीतला वातानुकूलक बंद पडला तर आतली यंत्रे किती वेळ तग धरतात, हे मे महिन्यातच कळते. डिसेंबरात उरकलेली चाचणी नागपूरपुरती अपुरीच मानावी.

मात्र प्रत्येक विलंबाला चाचणीचे पांघरूण घालू देऊ नये. नवी मुंबईत बेलापूर ते पेंधर मार्गाचे काम 2011 मध्ये सुरू झाले. सुरक्षा प्रमाणपत्र हाती आल्यानंतरही काही महिने गाड्या उभ्याच राहिल्या आणि अखेर 17 नोव्हेंबर 2023 ला औपचारिक उद्घाटनाविनाच सेवा सुरू झाली. तो काळ तपासणीचा नव्हता, मुहूर्ताचा होता. असा विलंब आणि रूळ तपासताना झालेला विलंब यांना एकाच तागडीत तोलले, की अभियंते दोन्हीकडून मार खातात.

आपल्या दुसऱ्या टप्प्यात सुमारे 44 किलोमीटरचे मार्ग येत आहेत: बुटीबोरीकडे, कन्हानकडे, हिंगण्याकडे आणि कापसीकडे. खांबांवर गर्डर, म्हणजे मार्ग पेलणाऱ्या तुळया, कधी चढणार हा प्रश्न पत्रकार परिषदेत हमखास विचारला जातो. मी त्याऐवजी सिग्नलच्या खोल्या धूळमुक्त करून, वीज आणि वातानुकूलन देऊन यंत्रणा बसवणाऱ्यांच्या ताब्यात कधी मिळणार, हे विचारीन, कारण खरी उलटी गणती तिथून सुरू होते. शिवाय हे चारही मार्ग आज चालू असलेल्या मार्गांच्या टोकांना जोडले जाणार आहेत. पहिल्या टप्प्यात आरंभी रिकामे रूळ दिवसभर हाताशी होते. आता जुन्या आणि नव्या यंत्रणेचा सांधा जिथे येईल, तिथे शेवटची गाडी गेल्यावर आणि पहाटेची पहिली सुटण्याआधी जे मोजके तास मिळतील, त्यातच चाचणी करून सकाळी सारे पूर्ववत करून द्यावे लागेल, आणि असे सांधे चार आहेत.